आत्याचं तोंड बाटलीवर

आत्याने सही केली आणि तिचा चेहरा चाळीस हजार शाम्पूच्या बाटल्यांवर चढला. पण अजून असं काही झालंच नाही, असं समजा. आपण सकाळी सव्वादहाला आहोत आणि आत्या चेहरा छापायच्या परवानगीवर सही करायला साफ नकार देते आहे.

"ही मी?"

टेबलावर स्लीव्ह पसरली होती. स्लीव्ह म्हणजे बाटलीचा प्लास्टिकचा झगा. गरम वाफ लागली की आकसून अंगाला घट्ट बसतो. त्यावरच्या बाईचं कपाळ मैदानाएवढं होतं आणि हनुवटी शर्टाच्या बटणाएवढी.

"तूच, आत्या," भाची म्हणाली.

"लहानपणी तुझं नाक पुसलं मी. त्याचे हे पांग फेडलेस होय?"

वर्षभर शिकाऊ म्हणून काढल्यावर भाचीला मिळालेलं हे पहिलं लेबल. साहेबांनी बजावलं होतं, "बारापर्यंत सही आली नाही, तर चेहऱ्याऐवजी झाडाचं पान छापू. पानाची परवानगी लागत नाही."

बाटली मानेशी बारीक, पोटाशी गुबगुबीत. वरचा भाग जास्त आकसणार, म्हणून तो आधीच ताणून काढायचा. भाचीने चौकोनांची जाळी छापलेल्या कोऱ्या स्लीव्ह सत्तेचाळीस वेळा वाफेत घालून, कुठला चौकोन किती चेपतो ते पट्टीने मोजलं होतं. अर्थात हे आत्याला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. ती बावीस वर्षं याच कारखान्यात स्लीव्ह चढवत होती. ताणलेली फुलं, ताणलेली अक्षरं बघून तिची पापणीही हलायची नाही. पण स्वतःच्या तोंडापुढे भल्याभल्यांची विद्या लुळी पडते.

"एकदा वाफेतून काढून तरी बघ. नाही पटलं तर पान."

आत्याने झगा स्वतः बाटलीला घातला, चिमटीने सरळ केला आणि बाटली सरकत्या पट्ट्यावर ठेवली. ती वाफेच्या बोगद्यात शिरली. अकरा सेकंद भाचीने श्वास घेतला नाही.

बाहेर आली ती आत्याच. कपाळ कपाळाएवढं, हनुवटी जिथल्या तिथे, आणि डावी भुवई किंचित वर, कुणाची चूक पकडताना असते तशी. पट्ट्याशी काम करणाऱ्या तिघी आपोआप ताठ बसल्या. साहेबांनी शर्ट खोचला.

आत्या बाटलीकडे रोखून बघत राहिली. बाटलीनेही नजर हटवली नाही.

"ही भुवई कुठून आणलीस गं?"

"जन्मापासून तुझा ओरडा खातेय."

आत्याने पेन मागितलं. मग बाटली घेऊन ती सगळ्या खात्यांतून फिरली. "माझ्या भाचीने केलंय," एवढंच सांगत होती. चेहरा कुणाचा, ते सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओळखपत्रांच्या कार्यालयात आत्याचा एक अर्ज पोचला, सोबत एक भरलेली बाटली:

"महोदय, सपाट छायाचित्रात अर्जदाराचा चेहरा खरा येत नाही, हे सोबतच्या बाटलीवरून सिद्ध होते. सबब, अर्जदाराचे जुने ओळखपत्र रद्द करून सदर बाटली हेच ओळखपत्र मानण्यात यावे, व त्यावर पत्त्याच्याही आधी 'चेहरा भाचीने घडवला' अशी ठळक नोंद करण्यात यावी, ही नम्र विनंती."