तेलाचं कुणी विचारलंच नाही

मित्रांनो, मला स्वस्थ बसता येत नाही. टिटवाळ्याच्या एका घरात, न्हाणीघराच्या दाराशेजारी, एका खिळ्यावर मी टांगलेला आहे. पंखा लावला की मी हलतो आणि पंखा बंद असला की तो कधी लावतील याची वाट बघत राहतो. मी एक जुना हेअर पॅच आहे. जुनी माणसं मला टोप म्हणतात, शेजारची मुलं विग म्हणतात. काहीही म्हणा, मी रागावत नाही. पण माझी गोष्ट ऐकून घ्या, कारण बाजूच्या खिळ्यावर जे टांगलेलं आहे ते माझ्याहून वयाने खूप मोठं असूनही कधी बोलत नाही. त्याच्याविषयी पुढे सांगेनच.

माझे केस दक्षिणेकडच्या कुणा बाईचे. तिने ते देवाला वाहिले, एवढंच मला ठाऊक आहे. काय मागितलं होतं, ते मिळालं की नाही, हा विचार अजूनही मधूनच येतो आणि मग मला काही सुचत नाही. कारखान्यात बायकांनी त्यातला एकेक केस आकड्याने उचलून बारीक जाळीत गाठवला. जाळी यासाठी, की खालच्या कातडीला हवा लागावी. या जाळीचं मला फार कौतुक होतं. तिनेच पुढे माझा घात केला.

तिथून मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका हेअर सेंटरवर आलो. तिथला कारागीर राकेश. हात हलका, बोलणं भरपूर. त्याच्या दुकानासमोरून एक तरुण तीनदा गेला आणि चौथ्यांदा आत आला. त्याचं नाव विनीत. वय एकोणतीस, राहायला डोंबिवलीत कोपरला, कामाला इथेच नौपाड्यात एका चष्म्याच्या दुकानात. कपाळापासून टाळूपर्यंत त्याचे केस गेले होते. राकेशने मला त्याच्या डोक्यावर नुसतं ठेवून पाहिलं आणि विनीत आरशासमोरून हलेना. मला त्याच क्षणी वाटलं, हेच आपलं घर.

पण नुसतं ठेवून मी राहत नाही. मला चिकटवावं लागतं आणि कशाने चिकटवायचं, इथे भले भले चुकतात. राकेशने टेबलावर सगळं मांडलं. रोज लावायची, रोज काढायची पातळ टेप. आठवडाभर टिकणारी टेप. तीन आठवडे हलणार नाही अशी जाड टेप. शिवाय दोन बाटल्या. एकीत पांढरा ग्लू, वाळला की दिसेनासा होणारा. दुसरीत उग्र वासाचा, धरला की न सोडणारा. राकेशने बजावून सांगितलं, की कुठलाही घ्या, पण आधी त्याचा एक ठिपका कानामागे लावून एक दिवस थांबा. खाज आली नाही तर मग पुढचं बघू.

विनीतला एक दिवस थांबायचं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्याला एका मुलीला भेटायचं होतं. त्याने उग्र बाटलीकडे बोट दाखवलं. राकेश नको नको म्हणत होता, पण गिऱ्हाइकाच्या घाईपुढे त्याचं काही चाललं नाही.

ती मुलगी म्हणजे रसिका. दोघं तलावपाळीवर भेटले. वारा होता, म्हणून मी धास्तावलेला, पण गडबड वरून झाली नाही, खालून झाली. ग्लूने विनीतचं कपाळ चुरचुरायला लागलं. तो बोलता बोलता माझ्या कडेला हात लावायचा, हात खाली घ्यायचा, पुन्हा लावायचा. कपाळावर लाल पट्टा उठला. शेवटी रसिकाने विचारलं, काय होतंय. विनीतने सांगून टाकलं. सांगताना तो तळ्याकडे बघत होता.

रसिका त्याच्या कपाळाकडे बघत म्हणाली, "जळजळतंय ना? मग काढ की. मी काय पळून चाललेय?"

त्याने तिथे मला काढलं नाही. पण दोन महिन्यांनी त्यांचं लग्न ठरलं. फक्त विनीतने तिच्याकडून एक वचन घेतलं, की हे टिटवाळ्याला तुझ्या घरी कळता कामा नये. रसिका आपल्या आईपासून काही लपवणारी मुलगी नव्हती. तिने वचन दिलं खरं, पण ते तिला पायात रुतलेल्या काट्यासारखं सलत राहिलं.

त्यात लग्नात भर पडली. रसिकाचे वडील बाबुराव यांचं डोकं अठ्ठाविसाव्या वर्षीच मोकळं झालेलं. त्यांच्या भावांचं तेच, काकांचंही तेच. मांडवात ते जो भेटेल त्याला सांगत सुटले, की चला, आमच्या घराण्यात शेवटी केस आले. पाहुणे हसायचे, विनीतही हसायचा आणि माझ्याखाली त्याला दरदरून घाम फुटायचा. एरवी कुणी माझी स्तुती केली तर मी फुलून गेलो असतो. त्या दिवशी मला ती नको होती. त्या स्तुतीनंतर खरं सांगायचं तरी कसं, हेच त्याला कळेना.

आमचं रोजचं जगणंही काही शांत नव्हतं. विचार करा, चष्म्याच्या दुकानात काम. चारी भिंतींना आरसे. गिऱ्हाइकाच्या कानामागे काड्या नीट बसवायच्या तर त्याच्यापुढे डोकं वाकवावं लागतं. नवा नंबर डोळ्यांवर चढला, की त्या माणसाला जगातली पहिली स्पष्ट दिसणारी गोष्ट कुठली, तर मी. एकेक आजोबा इतके निरखून बघायचे की मला जाळीत तोंड लपवावंसं वाटायचं. एप्रिल-मेमध्ये आठवड्याची टेप चौथ्या दिवशीच कडेने उठायची. विनीत मोबाइलच्या काळ्या काचेत, रिक्षाच्या आरशात, लिफ्टच्या दारात मला तपासत राहायचा. माझ्यामुळे त्याला चार लोकांत ताठ मानेने वावरता येईल असं मला वाटलं होतं. तो वावरायचाही, पण एक हात कायम माझ्याकडे असायचा.

मग पहिली दिवाळी आली. दिवाळसणाला जावई सासुरवाडीला चार दिवस राहायला जाणार. घर दोन खोल्यांचं, न्हाणीघर एक, त्याची कडी ढिली. तिथे मला काढायची सोय नाही. विनीत राकेशकडे गेला आणि चार दिवस काहीही झालं तरी सुटणार नाही असं काहीतरी दे म्हणाला. आता शहाणपण आलं होतं. आधी कानामागे तुकडा लावला, एक दिवस थांबला, खाज नाही हे पाहिलं. राकेशनेही सगळं विचारलं. घाम किती येतो, हेल्मेट घालता का, गरम पाण्याने आंघोळ की गार. मग जाड टेप नीट कापून, विनीतचं डोकं स्पिरिटने पुसून त्याने मला बसवलं आणि म्हणाला, "सर, पाण्याने नाय सुटणार, घामाने नाय सुटणार. बिनधास्त जा."

तो खोटं बोलला नाही. पाण्याचं झालं, घामाचं झालं. तेलाचं कुणी विचारलंच नाही. विनीतने दोन वर्षांत डोक्याला तेल लावलं नव्हतं आणि राकेश आपल्या कामाच्या गडबडीत होता. मी बोलू शकत असतो तर ओरडून सांगितलं असतं, की अरे, दिवाळीला चाललाय ना हा?

नरक चतुर्दशीच्या पहाटे रसिकाच्या आईने, सगुणाबाईंनी, पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी, बाजूला उटणं आणि वाटीत कोमट केलेलं वासाचं तेल. बाबुराव समोर मोबाइल धरून उभे, कारण जावयाचं पहिलं अभ्यंगस्नान साऱ्या नातेवाइकांना पाठवायचं होतं. वाटी दिसली आणि मी हादरलो. विनीतही हादरला. मला तेलाने सर्दी होते, असं काहीतरी तो पुटपुटला. रसिका पुढे होऊन म्हणाली, मी लावते. पण पहिल्या दिवाळीला जावयाच्या डोक्यावर तेल सासूनेच घालायचं, हा सगुणाबाईंच्या घरचा रिवाज. त्यांनी ओंजळभर तेल माझ्या मधोमध ओतलं.

मित्रांनो, हवा खेळावी म्हणून केलेल्या माझ्या जाळीने ते सगळं तेल आत घेतलं. सगुणाबाईंचा हात चांगला कसलेला. त्या रगडायला लागल्या आणि पाण्याला, घामाला दाद न देणारी ती जाड टेप तेलापुढे विरघळली. आधी मागची कड सुटली, मग उजवी. मी धरून ठेवायचा किती प्रयत्न केला. एका क्षणी त्यांच्या तळव्याखाली मी बोटभर सरकलो.

त्यांचा हात थांबला.

समोर बाबुरावांचा मोबाइल चालू होता. सगुणाबाईंनी खांद्यावरचा पंचा घेतला, विनीतच्या डोक्यावर टाकला आणि नवऱ्याला म्हणाल्या, अहो, कारीट कुठे ठेवलंय ते बघा आधी. बाबुराव स्वयंपाकघरात वळले. पंच्याखाली मला धरून विनीत न्हाणीघरात गेला आणि त्याने ती ढिली कडी लावली.

आत आम्ही दोघं. मी त्याच्या हातात, तेलाने चिंब. त्याने साबण लावून पाहिलं, खिशातली जादा टेप काढून पाहिली. पण टेपला कोरडी, स्पिरिटने पुसलेली कातडी लागते आणि स्पिरिटची बाटली कोपरच्या घरी राहिली होती. मी वाळायलाच दुपार झाली असती. विनीत बादलीच्या कडेवर बसून राहिला. डोक्याला पंचा गुंडाळून चार दिवस काढता येतील का, याचा तो खरोखर हिशेब करत होता. मला त्याची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

बाहेर सगुणाबाई रसिकाशी बोलत होत्या. आवाज खालचा होता, पण दाराला फटी होत्या.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस. केसांचं काही नाही गं. तू मला सांगितलं नाहीस, ते मला लागलं."

रसिका रडवेली झाली. म्हणाली, "मीच नाही म्हटलं, आई. तो सांगणार होता. मी अडवलं."

हे ऐकून विनीत उठला. त्याने मला बादलीच्या कडेवर ठेवलं, पंचा काढला, कडी काढली आणि उघड्या डोक्याने बाहेर गेला. दार तसंच राहिलं, म्हणून मला सगळं दिसलं. बाबुराव हातात कारीट घेऊन परत आले होते. ते जागच्या जागी थबकले.

"खोटं बोलतेय ती," विनीत म्हणाला. "तिला सांगायचं होतं. मीच सांगू दिलं नाही. मला भीती वाटली."

बाबुराव त्याच्या डोक्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यावर गेला. लग्नात आपण काय काय बोललो ते त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवून दिला.

सगुणाबाईंनी न्हाणीघराशेजारच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे एक गंगावन लटकत होतं. माहीत नसेल तर सांगतो, पातळ झालेल्या वेणीत किंवा अंबाड्यात बायका जे उसने केस गुंफतात ते गंगावन.

"विनीतराव, तीस वर्षं झाली त्याला. आल्यागेल्याला दिसतं. मी काय कधी लपवलंय?" त्या म्हणाल्या. मग वाटी उचलून पाटाकडे खूण केली. "बसा. तेल अर्धं राहिलंय."

विनीत बसला. त्यांनी त्याच्या उघड्या डोक्यावर तेल घातलं आणि मघासारखंच रगडायला लागल्या. तो मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. रसिका उटणं कालवता कालवता डोळे पुसत होती. तेवढ्यात बाबुरावांनी दुसरा पाट ओढला आणि जावयाला खेटून बसले.

"मलाही लाव गं," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांनी जोडीदार मिळालाय."

फराळाआधी सगुणाबाईंनी मला शाम्पूने धुतलं, एका उपड्या तांब्यावर वाळत घातलं आणि दुपारी गंगावनाशेजारी नवा खिळा ठोकून तिथे टांगलं. मी थकलो होतो. जाळी एका ठिकाणी उसवली होती, पुढचे केस विरळ झाले होते. विनीतने मला परत नेलं नाही. पुढे त्याने नवा पॅच घेतला, पण आता रोजची पातळ टेप वापरतो. सकाळी लावतो, दुकानातून घरी आला की काढतो. कपाळावर लाल पट्टा उठत नाही, असं रसिका परवा आईला फोनवर सांगत होती. आता ती आईला सगळं सांगते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला हसू नका आणि त्याला दिवसरात्र चिकटवूनही ठेवू नका. टेप घ्या, ग्लू घ्या, पण आधी आपल्या कातडीला विचारा आणि घरच्या सणवारांनाही विचारा. रोज थोडा वेळ तरी डोकं मोकळं सोडा. आमचीही जाळी वाळते आणि माणसालाही बरं वाटतं. ज्याच्यासमोर मला काढून ठेवता येईल असं माणूस घरात असेल, तर कुठलीही टेप चालते.

मला मात्र अजून स्वस्थ बसता येत नाही. दिवाळी जवळ आली, की मी खिळ्यावर जास्तच हलतो. गंगावन शांत असतं. मागच्या दिवाळीला विनीत आणि रसिका आदल्या संध्याकाळी आले. पहाटे पाट मांडला गेला, वाटी गरम झाली. विनीतने आपणहून नवा पॅच काढला आणि जागा शोधत इकडेतिकडे बघायला लागला. सगुणाबाईंनी मला किंचित बाजूला सरकवलं आणि त्या नव्या पॅचला माझ्याच खिळ्यावर जागा करून दिली.

"या लवकर," त्या म्हणाल्या, "तेल निवतंय."