अनसूयाबाईंची नाडी

अँजिओप्लास्टीला वर्ष उलटले, तरी गंगाधरराव गर्गे यांच्या बोटावरचा ऑक्सिमीटर काही उतरत नव्हता. चहाआधी एकदा, चहानंतर एकदा, आणि जरा मोठ्याने शिंक आली तरी एकदा. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, "हृदय उत्तम चाललंय. आता तुम्ही चाला." पण गंगापूर रोडवरच्या आपल्या फ्लॅटमधून खाली उतरायचे म्हटले की त्यांची छाती धडधडू लागे, ठोक्यांचा आकडा वर जाई, आणि तो पाहून ते पुन्हा खुर्चीत बसत. पत्नी जवळ नसली तर बसूनही चैन पडत नसे. भाजी आणायला गेलेल्या अनसूयाबाईंच्या हाती जुडी येते न येते, तोच यांचा फोन येई.

त्या सकाळी घोटीहून अनसूयाबाईंच्या थोरल्या बहिणीचा, कुमुदताईंचा फोन आला. सोमवारी डोळ्याचे ऑपरेशन होते. घरात दुसरे कोणी नव्हते. अनसूयेने आठवडाभर यावे, एवढीच विनंती होती.

"जाऊ ना मी?" अनसूयाबाईंनी विचारले.

"आणि मला काही झालं तर?"

"डॉक्टर म्हणाले ना, काही होत नाहीये तुम्हाला."

"डॉक्टर घटकाभर बघतात. मी दिवसभर बघतो."

"तेच तर! दूध तापत ठेवल्यासारखे बसलायत स्वतःच्या छातीपाशी."

गंगाधररावांनी उत्तरादाखल यंत्र बोटाला लावले. एकशे चार. "बघ. नुसता विषय काढलास तर हे!"

पण आकडा त्यांनाच पटेना. सातपूरच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी मापन-उपकरणे तपासण्यात घालवली होती. आकडा संशयास्पद वाटला, तर जिच्याबद्दल शंका नाही अशा वस्तूवर उपकरण लावून पाहायचे, हा तिथला शिरस्ता होता.

"बोट दे बघू तुझं."

"माझं कशाला?"

"तू धडधाकट आहेस म्हणून. तुझं बरोबर दाखवलं, तर यंत्र बरोबर."

अनसूयाबाईंच्या बोटावर आकडा स्थिरावला, एकशे अठरा.

"बिघडलंय!" गंगाधरराव जवळजवळ आनंदाने म्हणाले. खात्रीसाठी त्यांनी पत्नीचे मनगट धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. त्यांच्या बोटांखाली नाडी अक्षरशः पळत होती. यंत्र बिघडलेले नव्हते.

"हे कधीपासून?"

"तुम्ही ते बोटाला लावलंत की होतं. आकडा काय सांगताय, याची वाट बघते ना मी."

"बोलली का नाहीस?"

"म्हटलं, एका घरात एक आजारी माणूस पुरे."

विजेच्या परिपथाला जोडलेले मीटर मोजताना स्वतःही थोडा प्रवाह घेते, हे गंगाधररावांनी कितीतरी नव्या मुलांना शिकवले होते. आपल्या घरातले मीटर तो प्रवाह कोणाकडून घेत होते, हे मात्र त्यांना आज कळले.

संध्याकाळी ते स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेले. जिना उतरताना छाती धडधडली. त्यांनी ती धडधडू दिली. डॉक्टरांनी अनसूयाबाईंचा रक्तदाब मोजला, हृदयाचा आलेख काढला.

"हृदय ठीक आहे. रक्तदाब वाढलाय, गोळी देतो. झोप कशी आहे?"

"रात्री यांचा श्वास ऐकत असते."

डॉक्टर गंगाधररावांकडे वळले. "गर्गेसाहेब, तुमची भीती यांच्या अंगात उतरलीय. त्यावर माझ्याकडे गोळी नाही."

घरी येताच गंगाधररावांनी कपाटावरची बॅग खाली काढली. "घोटीची तयारी कर. गोळ्या विसरू नकोस."

"आणि तुम्ही?"

"मी घाबरेन. घाबरल्यानं काही होत नाही, असं डॉक्टर वर्षभर सांगताहेत. आता एकदा करून बघतो."

रविवारी उतरत्या दुपारी बसस्थानकावर अनसूयाबाईंनी खिडकीतून पुन्हा बजावले, "पोचल्यावर मी फोन करीन. तुम्ही मध्ये करू नका."

"नाही करणार."

"बघू हं!" त्या हसल्या, आणि बस निघाली.

गंगाधररावांनी रिक्षा केली नाही. अशोक स्तंभापर्यंत पाऊल ठीक पडले. पुढे मात्र छातीत ठोके जोरात पडू लागले, मानेवर घाम आला. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर थांबले. फोन हातात आलाच. बस अजून शहरातच असेल. आपण एक शब्द बोललो, तर ती आहे तिथे उतरेल आणि परत येईल. हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्यांनी शरीराची एकेक बाब तपासली. छातीत कळ नाही. हात जड नाही. पायरीवर उभे राहिल्यापासून श्वास हळूहळू शांत होतो आहे. भीती आणि झटका यांतला डॉक्टरांनी समजावलेला फरक त्यांनी मनाशी नीट लावून पाहिला. ही भीती होती, आणि ती त्यांची एकट्याची होती. फोन खिशात गेला.

एक रिक्षावाला हळू झाला. "काका, बसा की. केवढा घाम फुटलाय!"

"नको. चालायचंय."

"कुठपर्यंत?"

"गंगापूर रोड."

"या चालीनं? अंधार पडेल!"

"पडू दे," गंगाधरराव म्हणाले, आणि पायरीवरून खाली उतरले.