पुतळीच्या खुब्याची फिल्म

मी एक्स-रेची फिल्म बोलतेय. अर्धीच उरलेय, पण जीभ अख्खी आहे. तेव्हा ऐका.

माझा जन्म पेणच्या एका दवाखान्यातला, पंच्याण्णव सालच्या गणपतीनंतरचा. जन्मभर मिठागरात अनवाणी टोपल्या वाहिलेली पुतळी सत्तराव्या वर्षी अंगणातल्या शेवाळावर घसरली. डॉक्टरांनी मला उजेडावर धरलं. म्हणाले, "यात हाड मोडलेलं दिसत नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या खुब्यातली बारीक चीर यात कधीकधी दिसत नाही, तेव्हा आठवड्यात पाय टेकता आला नाही, तर पनवेलला नेऊन सीटी स्कॅन करा." केसपेपरवरही तसंच लिहिलं.

हे मी ऐकलं आणि तिच्या लेकानं, पुंडलिकनंही ऐकलं. पुतळी बाहेर बाकावर कण्हत होती.

पुंडलिक डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाला. पनवेल म्हणजे शिफ्ट बुडणार! घरी येऊन त्यानं पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं गिळलं.

आजाऱ्याला बघायला येणारा माणूस आधी बिस्किटचा पुडा ठेवतो आणि मग "फोटू बघू" म्हणतो. पुंडलिक मला गादीखालून काढून दारातल्या उजेडावर धरायचा. कुणाला ओ की ठो कळायचं नाही, पण माना सगळ्यांच्या डोलायच्या.

"अरं, पाय टेकला का जीव जातो माझा," पुतळी रडायची.

"काय गो आये, फोटू खोटं बोलतो व्हय?"

मेल्या! मी कधी खोटं बोलले? मला दिसलं नव्हतं, एवढंच. माझ्या तोंडी खोटं घातलंस तू. मला तळपाय नाहीत, नाहीतर आग मस्तकात गेली असती.

महिन्यानं रोह्याला दिलेली लेक सगुणा आली. आईचं अंथरूण ओलं बघून तिनं थेट जीप बोलावली, आणि मला, केसपेपरला नि पुंडलिकलाही सोबत घेतलं. पनवेलला सीटीच्या मशीननं खुब्याचे पातळ पातळ काप करावेत तसे फोटो काढले. चीर होतीच, आणि आता सरकायला लागली होती. तिथल्या डॉक्टरांनी पेणचा केसपेपर मोठ्यानं वाचला. "अहो, हे महिन्यापूर्वीच लिहून दिलंय! तेव्हा स्क्रूवर भागलं असतं. आता खुब्याचा गोळाच बदलावा लागेल."

पुतळीनं लेकाकडे नुसतं पाहिलं.

ऑपरेशन झालं. ती वॉकर धरून घरी आली, पण खाली बसणं जन्माचं बंद. चुलीपुढची तिची जागा गेली. पुंडलिक "चुकलं" म्हणाला नाही. मी मनात म्हटलं, थांब बच्चमजी.

दिवाळीत सूर्यग्रहण आलं. वाडीतली माणसं दारं लावून बसली, पण पुंडलिकला शहाणपणा सुचला. "ही जुनी आता काय कामाची?" म्हणत त्यानं मला कात्रीनं कापलं आणि नेमका खुब्याचा तुकडा डोळ्याला लावला. माझ्यात हाडाची जागा फिकी असते, तिथून ऊन सरळ आत जातं. मला अडवता येत नव्हतंच. येत असतं तरी अडवलं नसतं. आईच्या हाडातून तो सूर्य बघत राहिला, चांगला दहा मिनिटं!

संध्याकाळी त्याच्या नजरेच्या मधोमध काळा ठिपका. समोरच्याचं तोंडच दिसेना. गावातल्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितली. "वरून तर काही दिसत नाही."

"काय नाय झालंय. कामावर जायला नको, म्हणून नाटकं," बायको रंभा म्हणाली.

उरलेली मी कौलाखाली खोचलेली होते. काय सांगू, असा आनंद झाला! घे, भोग आता!

दुसऱ्या दिवशी तो आईच्या खाटेपाशी आला. "आये, खरंच दिसत नाय गो. तुझं तोंड दिसत नाय."

मी वाट बघत होते. बोल पुतळे! फोटू खोटं बोलतो व्हय, एवढंच बोल!

पुतळीनं वॉकर ओढला आणि दातओठ खात उभी राहिली.

"चल पेणला, डोळ्याच्या डॉक्टरकडं," ती म्हणाली. "मी येते संगती. डॉक्टर दोन वाक्यं बोलतो. दुसरं मी ऐकीन."

पुंडलिकची मान जी खाली गेली, ती वर आली नाही.

माझा राग मात्र गेला नाही हो. मी आई नाही. तुमच्या गादीखाली माझी एखादी बहीण असेल, तर घरच्या म्हातारीला डॉक्टरचं बोलणं पुरतं सांगा. नाहीतर ग्रहण काय, पुन्हा लागतंच.