गुडघ्यातलं पाणी

सासऱ्यांच्या गुडघ्यातून सकाळी दवाखान्यात काढलेल्या पाण्याचा एक थेंब सुनेनं सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर सोडला, सुईच्या टोकानं त्यात बिजागरी ठेवली आणि हात पुसले. हात कोरडेच होते.

बिजागरी म्हणजे मिठाच्या कणाहून बारीक, दोन पाकळ्यांची वस्तू. चुंबकाच्या जोरावर उघडायची आणि मिटायची, एवढंच तिला येत होतं. तेवढ्यासाठी सुनेची उमेदीची वर्षं गेली होती. बाटलीतल्या बनावट द्रवात ती झकास पोहायची. पण संशोधन संस्थेनं आता बजावलं होतं: माणसाच्या शरीरातल्या द्रवात पोहून दाखवा, नाहीतर महिनाअखेर प्रयोगाची खोली रिकामी करा. खोलीवर झेरॉक्स विभागाचा डोळा होता.

सासरे दुखरा पाय लांब करून स्टुलावर बसले होते. फुटबॉलचे पंच. आयुष्यभर मैदानात धावले, पण चेंडूला पाय लावायची परवानगी नव्हती. गुडघा गेला तो दुसऱ्यांच्या खेळात. डॉक्टर गुडघा बदला म्हणत होते, आणि सासरे डॉक्टर बदलत होते.

"माझी अक्कल गुडघ्यात आहे असं तुझी सासू म्हणायची. काढलीच आहेस, तर जपून वापर."

"थेंबभरच घेतलीय, बाबा."

"तेवढीच होती. पण नळाचं पाणी काय वाईट होतं?"

"साध्या पाण्यात ही जागची हलत नाही. उघडताना जेवढी पुढे, मिटताना तेवढीच मागे."

"आमच्या पंच संघटनेसारखी."

"गुडघ्यातलं पाणी लबाड असतं. हळू उघडलं तर घट्ट वागतं, झटकन मिटलं तर सैल पडतं. त्या फरकावर पुढे सरकायचं."

"फाउल आहे हा."

"निसर्गाचा नियम आहे."

"फाउल करणारे सगळे हेच सांगतात."

तिनं कळ दाबली. पडद्यावर पाकळ्या हळूच उघडल्या, झटकन मिटल्या. बिजागरी होती तिथेच. पुन्हा उघडली, मिटली. होती तिथेच. सुनेनं टेबलाची कड धरली.

मग खुणेची रेघ आणि पाकळी यांच्यात केसभर फट दिसली. फट रुंदावत गेली.

"हलली!" सून म्हणाली, आणि पटकन तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं.

"पडद्यावरचं मी मानत नाही. सरक."

सासऱ्यांनी भिंगाला डोळा लावला. तिथे ना हात होते ना पाय, ना डोकं. ज्या पाण्यानं जन्मात उजेड पाहिला नव्हता, त्या पाण्यातून एक कण वाट काढत चालला होता. उघडत, मिटत, कुणाचीही परवानगी न घेता.

"चाललीय गं," ते कुजबुजले, जणू मोठ्यानं बोललं तर ती बुजेल. "माझ्यात चाललीय."

खोली वाचली होती. सुनेनं डोळे टिपले आणि सवयीनं पडद्यावरचा वेग पाहिला. मग तिनं पडदा जरा स्वतःकडे वळवला.

"दमल्यासारखी वाटते," सासरे म्हणाले.

"ती दमत नाही, बाबा."

पाकळ्या उघडल्या, मिटल्या.

"म्हणजे पाणी दमलंय."

तिनं वेगाचा आकडा पुन्हा एकदा पाहिला.

"बाटलीतल्या द्रवात किती पळायची?"

"दुप्पट." मग तिनं खरं ते सांगितलं, "दुपटीहून जास्त. गुडघ्यातलं वंगण पातळ होऊन साध्या पाण्यासारखं व्हायला लागलंय."

सासऱ्यांनी डोळा काढला नाही. हात मात्र आपसूक गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"आणि अशा पाण्यातही चाललीय," ते म्हणाले. "नवा गुडघा बसवला, की पुन्हा एक थेंब काढून बघू. काय करते ते."

सुनेनं मान डोलावली. ते त्यांना दिसलं नाही. रेकॉर्डिंग पुरेसं झालं होतं. तिनं कळ बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले. "पोचू दे तिला कडेला."