कोरं रबर

मी एक जुनी काठी आहे. मित्रांनो, पडणाऱ्याला सावरावं, थकलेल्याला आधार द्यावा, याच थोर कार्यासाठी माझा जन्म झाला. आजपर्यंत मी कोणालाही सावरलेलं नाही.

सुताराने मला शिसवी लाकडातून घडवलं, मूठ गोल केली, टोकाला रबर बसवलं. मला विकत घेणारे गृहस्थ मात्र ठणठणीत होते. सकाळी फिरायला जाताना कुत्री अंगावर येऊ नयेत म्हणून ते मला हवेत फिरवत. जमिनीला टेकवणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते गेले तेही माझा आधार न घेता. पुढे सात वर्षं मी दाराआडच्या कोपऱ्यात उभी होते. घरातली माणसं माझ्या मुठीवर ओला टॉवेल अडकवत.

त्या घरच्या सुनेला हृदयाचा आजार होता. दिसायला ती धडधाकट, पण दहा पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. नोकरी कचेरीत, पाचव्या मजल्यावर. लिफ्ट होती, तिच्यावर पाटी होती, ‘फक्त अधिकारी व अपंग’. सुनेजवळ डॉक्टरांची चिठ्ठी होती. लिफ्टमन ती रोज मोठ्याने वाचायचा, कारण मनातल्या मनात वाचायची त्याला सवय नव्हती. तिचं हृदय कुठे आणि किती बिघडलंय हे आसपासच्या सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं.

“ताई, वरून तर काहीच दिसत नाही,” तो म्हणायचा.

“आत आहे हो.”

“आत काय, प्रत्येकाच्या काही ना काही असतंच.” मग मर्जी असली तर दार उघडायचा.

एके सकाळी सासूबाईंनी माझ्यावरचा टॉवेल काढला. “ही घेऊन जा. तुझं दुखणं छातीत, लोकांचे डोळे बाहेर. त्यांना दिसेल असं काहीतरी नको का हातात?”

“आई, पाय चांगले आहेत की माझे.”

“मग पायांना म्हणावं, जरा गप्प बसा.”

मला पाहताच लिफ्टमन स्टूलवरून उठला. “या ताई, सावकाश या.” चिठ्ठीचं नावसुद्धा काढलं नाही. तीन महिने सून मला नुसतं हातात धरून लिफ्टने गेली. ओठ गुलाबी राहिले. डब्याच्या सुट्टीत ती हसायलाही लागली, आणि तिथेच चुकलं. आजारी माणसाने हसू नये, असा एक अलिखित नियम असतो.

हेडक्लार्क रोज जिना चढत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. “काल काठी उजव्या हातात होती, आज डाव्या?” असं म्हणत त्यांनी मला उलटं केलं आणि खोटं नाणं पारखावं तसा रबरावर अंगठा घासला. “कोरं करकरीत! चालणाऱ्याच्या काठीचं रबर असं असतं होय?”

“साहेब, डॉक्टरांची चिठ्ठी आहे माझ्याजवळ.”

“चिठ्ठी हृदयाची, काठी पायाची. मेळ कुठे बसतोय?”

“आणि आम्ही हिला उठून जागा देत होतो!” शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली.

मित्रांनो, मी गप्प राहिले. लाकडाला ते शोभतं. माणसं गप्प राहिली, ती का राहिली हे मला माहीत नाही.

चौकशी होईपर्यंत मला पुरावा म्हणून हेडक्लार्कच्या कपाटात ठेवलं आणि तिची लिफ्ट बंद झाली. कपाट जिन्याच्या भिंतीला लागून होतं. पावणेदहाला तिची पावलं ऐकू यायची. सात पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा सात, पुन्हा थांबणं. मी अंधारात मोजत असे. पाचव्या दिवशी चौथ्या मजल्याच्या वळणावर पावलं थांबली. मी वाट पाहिली.

“अहो ताई, जरा कडेला बसा, वाट अडते,” कोणीतरी म्हणालं. मग आणखी कोणीतरी, “ताई? ओ ताई?”

त्या दिवशी लिफ्टमनने काहीही न विचारता दार उघडलं. तिला खुर्चीत बसवून खाली नेलं. ती परत आली नाही.

तरी पावणेदहाला पावलं येतातच. सात पायऱ्या, मग थांबणं. हेडक्लार्कही त्या वेळी फाईलमधून मान वर करतात. “उंदीर झालेत फार,” असं म्हणतात. जिन्यावर उंदीर मोजून सात पायऱ्या चढतात का, हे त्यांना कोणी विचारत नाही. हल्ली ते चौथ्या मजल्याचं वळण भिंतीला घासून ओलांडतात म्हणे, जणू कडेला कोणी बसलं आहे.

मित्रांनो, एखादा म्हणाला की दुखतंय, तर त्याच्याकडे काठी मागू नका. दार उघडा. त्याला खोटं ठरवायला पुढे सगळा दिवस पडलेला असतो.

गेल्या महिन्यात चौकशीचा अहवाल आला. काठी बनावट असल्याचं सिद्ध झालं आहे. सध्या माझा उपयोग वरची खिडकी ढकलायला होतो. रबर अजून कोरं आहे.