सरळ केलेला चेहरा

आमच्या कार्यशाळेत माझ्या धाकट्या भावाला सगळे ‘इस्त्री’ म्हणायचे. दगडाचा कितीही खडबडीत स्कॅन त्याच्या हातात द्या, संध्याकाळपर्यंत तो त्याची एकेक सुरकुती काढून आणायचा. मी त्याच्या उलट. मला सुरकुत्याच हव्या असतात. संग्रहालयात आलेली प्रत्येक फुटकी वस्तू मी स्कॅन करते, तिचा कण न् कण संगणकात उतरवून घेते, आणि मग त्या मूळ फाईलला कुणालाही बोट लावू देत नाही. काय प्रयोग करायचे ते कॉपीवर करा. कॉपीतही जेवढा भाग आपण अंदाजाने भरला तेवढा राखाडी ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याची फसगत होत नाही. या बाबतीत मी खाष्ट आहे, आणि कार्यशाळेतले लोक माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात हेही मला ठाऊक आहे.

त्या वर्षी आमच्याकडे एक दगडी बाई आली. एका नव्या इमारतीचा पाया खणताना सापडलेली. कडेवर मूल, पायात जाड कडी, कान-केस सगळं जागच्या जागी, फक्त चेहरा नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसती सपाट, फुटकी जागा. कडेवरचं मूल मात्र मान वर करून त्या जागेकडे बघत हसतंय. मला ती तशीच आवडली होती. संचालिकाबाईंना नाही. त्यांचं म्हणणं, लोक हळहळतील, पण बिनचेहऱ्याच्या बाईला बघायला दुसऱ्यांदा कोण येणार? शेवटी ठरलं असं, की अंगावरच्या भेगा मी जुळवायच्या आणि चेहऱ्याचं काय होतंय ते इस्त्रीने बघायचं. संगणकावरचा चेहरा पसंत पडला की मशीन तो तसल्याच दगडात कापणार आणि आम्ही तो मूर्तीवर बसवणार.

आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ती असेपर्यंत आईबाबा माझ्याकडेच राहायचे. शेवटच्या काळात तिचा अर्धा चेहरा लुळा पडला होता. पापणी पुरती मिटायची नाही, गाल ओघळलेला, ओठाचा कोपरा खाली ओढलेला. “अर्धी मी रुसलेय तुमच्यावर,” असं म्हणायची आणि उरलेल्या अर्ध्याने हसायची. पण कुणी फोटो काढायला गेलं की हात तोंडावर. घरातसुद्धा ती बाबांसमोर एका अंगाने बसायची, भिंतीकडे लुळी बाजू करून.

एका दुपारी मी हातात धरायचा छोटा स्कॅनर घरी आणला.

“हे काय, केस वाळवायचं यंत्र?” आईने विचारलं.

“तुझा चेहरा घेते. मला हवाय.”

तिने लुळ्या गालावर हात ठेवला. मग म्हणाली, “असा?”

“असाच.”

“तुझ्यापुरता ठेवशील? बाबांना नाही दाखवायचा. कुणालाच नाही.”

मी शब्द दिला. मग तिने खुर्ची खिडकीसमोर ओढायला लावली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली. त्या आजारानंतर तिने मला आपला पूर्ण चेहरा असा स्वतःहून कधीच दिला नव्हता. मी तिच्याभोवती फिरत होते आणि मला रडू येत होतं. ती म्हणाली, “हात हलू देऊ नकोस, मेले, परत बसणार नाही मी.”

त्या चेहऱ्याची ती एकच खूण. दगडांच्या तीन-तीन प्रती जपणारी मी, आईची एकच ठेवली, कार्यशाळेतल्या माझ्या संगणकावर, कारण शब्द दिला होता. रोजच्या बॅकअपमधून मुद्दाम वगळली, कुलूपबंद केली, आणि पासवर्ड एका माणसाला सांगितला. मला काही झालं तर ही न उघडता पुसून टाक, एवढ्यासाठी. “काहीतरीच काय बोलतेस, ताई,” इस्त्री म्हणाला होता. पासवर्ड मात्र त्याने नीट लक्षात ठेवला.

मूर्तीचा चेहरा दाखवायच्या दिवशी बैठकीच्या खोलीत संचालिकाबाई होत्या, एक इतिहासाचे प्राध्यापक होते, दगड कापायच्या मशीनवरचा माणूस होता. इस्त्रीने पडद्यावर मूर्ती सावकाश फिरवली. आधी पाठ, मग कड, मग समोरून. प्राध्यापक खुर्चीतून पुढे झुकले. ते मूल आता एका देखण्या बाईकडे बघत होतं. शांत डोळे, भरलेले गाल, ओठांवर येऊ घातलेलं हसू. राखाडी रंगाचा कुठे ठिपकाही नाही.

मी चिडले ती आधी त्या रंगावरून. मग माझं लक्ष भुवईवर गेलं. लहानपणी कपाटाच्या दारावर आपटून आईच्या डाव्या भुवईत एक खाच पडली होती. पडद्यावरच्या बाईला ती खाच होती. दोन्ही भुवयांत. आमच्या कामात असं दिसलं की काय झालंय ते शेंबड्या पोरालाही कळतं: चेहऱ्याचा चांगला अर्धा भाग घ्यायचा, आरशातल्यासारखा उलटवायचा आणि वाईट भागाच्या जागी चिकटवायचा.

“याला आधार काय?” प्राध्यापकांनी विचारलं.

“त्या काळातल्या इतर मूर्तींची मापं, सर. शिवाय कानाजवळ गालाचा थोडा भाग शाबूत आहे, त्यावरून वळण मिळालं,” इस्त्री न अडखळता म्हणाला. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

मला ओरडायचं होतं. पण ओरडून सांगणार काय? हा आमच्या आईचा चेहरा आहे म्हणायचं, तर तो माझ्याकडे होता हेही सांगावं लागणार, आणि नेमकं तेच कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. टाळ्या झाल्या. मशीनवाल्याने दगड कधी लावायचा ते विचारलं आणि संचालिकाबाई म्हणाल्या, या आठवड्यातच.

दुपारी सगळे जेवायला गेले तसं मी कार्यशाळेचं दार लोटून घेतलं.

“ओळखलंस ना?” त्यानेच विचारलं, आणि वर हसला.

“भुवईची खाच तरी पुसायचीस. चोरी करायची तर धड करावी.”

“चोरी कसली? आई माझीही होती.”

“शब्द मी दिला होता.”

“कुलपात ठेवून तिचं लोणचं घालणार होतीस का? आता कितीतरी लोक तिला बघतील. छान दिसतेय की नाही, खरं सांग.”

“अशी कधी होती ती?”

“होती. आजाराच्या आधी अशीच होती. तुला तर कायम आजारी आईच हवी असते.”

हे त्याने मला बोलावं? आईला भरवायला मी, रात्री तिच्या डोळ्यात थेंब घालायला मी. हा सुट्टीच्या दिवशी यायचा, तिला दोन विनोद सांगायचा आणि तिसऱ्याच्या आत निघायचा. आईही याच्या येण्याची वाट बघायची, तेच जास्त लागायचं मला. मी हे सगळं त्याला तेव्हा सुनावलं. ऐकून घेतलं त्याने, आणि मग म्हणाला, “बाबांनी मागितला, ताई. स्कॅन घेतलाय हे मीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, त्यातून मला तिचा आधीचा चेहरा करून दे. केला. इतका जमला की मूर्तीसाठी दुसरा शोधावासाच वाटेना.”

म्हणजे बाबाही. आई गेल्यावर ते धाकट्याकडे राहायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या घरात त्यांना तिची आठवण छळत असेल. मी त्यांची बॅगही भरून दिली होती. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, आणि इथे तर मलाच पत्ता नव्हता.

निदान माझी फाईल घेऊन जावी म्हणून मी संगणकावर बसले. कुलूप उघडलं. तीच देखणी बाई. दोन खाचा.

“मूळ कुठाय?”

“हीच की.”

“याच्या आधीची. मी घेतलेली.”

तो खिडकीबाहेर बघायला लागला. फुटक्या कौलाच्या फाईललासुद्धा कॉपी काढल्याशिवाय हात न लावणारा माझा भाऊ. त्याला ही सवय मीच लावली होती, कान उपटून.

“चुकून झालं?” मी विचारलं. त्याने हो म्हणावं म्हणून मी अक्षरशः आशेने बघत होते. हो म्हणाला असता तर मी त्याला रडत रडत माफ केलं असतं.

“नाही,” तो म्हणाला. “बाबा म्हणाले, ती दुसरी ठेवू नकोस. म्हणून तिच्यावरच काम केलं.”

गेलेली फाईल परत काढून देणाऱ्या माणसाला मी संगणकाचा तो डबा नेऊन दाखवला. त्याने दोनदा प्रयत्न केले आणि मान हलवली. परक्याने लुबाडलं तर माणूस निदान शिव्या तरी देतो. इथे केसाने गळा कापला होता आणि कापणारे दोघेही माझे.

दुसऱ्या दिवशी मी संचालिकाबाईंच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं, “हा चेहरा आमच्या आईचा आहे. याला कसलाही आधार नाही.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कुणाला कळणारेय?”

“मला कळलं. दगडावर बसवलात तर उद्घाटनाला उभी राहून सगळ्यांना सांगेन.”

आईला दिलेला शब्द असा शेवटी मीच मोडला. मशीन थांबलं. दगडी बाई तशीच बिनचेहऱ्याची दालनात गेली, आणि इस्त्रीने काम सोडलं. आपलं सामान उचलताना म्हणाला, “एका फाईलपायी भाऊ घालवलास.” मी म्हटलं, “हो.”

मग तो घरी नसेल अशी वेळ बघून मी बाबांकडे गेले. ते खिडकीशी बसले होते. शेजारच्या स्टुलावर औषधांच्या डब्या आणि त्यांच्यामध्ये मुठीएवढं पांढरं डोकं, प्रिंट करून घेतलेलं. आईचं म्हणायचं ते.

“ये, बस,” बाबा म्हणाले आणि त्यांनी ते डोकं माझ्याकडे वळवलं. “बघ कशी दिसतेय.”

“बाबा, मूळ का पुसायला लावलंत?”

“अगं, तीच म्हणायची, मला असं बघू नका. तिचंच ऐकलं मी.”

“मला तिने स्वतःहून दाखवला होता तो चेहरा. समोर बसून.”

“तुला दाखवला,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. “मला नाही दाखवला. एवढ्या वर्षांचा संसार, आणि माझ्यासमोर भिंतीकडे तोंड. मग माझ्यासाठी काय राहिलं? आता डोळे मिटले की ती अशी दिसते. सरळ. ते दुसरं सगळं निघून गेलं, बरं झालं.”

मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. तिचं ते रुसलेलं अर्धं तोंड, त्यातून सांडणारा चहा, टिपून घेताना तिचं “मेले, जोरात नको” म्हणणं, हे सगळं आता फक्त माझ्या डोक्यात उरलं होतं, आणि माझं डोकं म्हणजे काही स्कॅनर नव्हे. दोन माणसं मला मदत करू शकली असती. दोघांनी मिळून तेच पुसलं होतं.

“बाबा,” मी विचारलं, “कोणती बाजू होती?”

“कसली बाजू?”

“आईची. लुळी पडलेली. डावी की उजवी?”

“हे काय विचारणं झालं?” ते म्हणाले. “इतकी वर्षं...” त्यांचा हात स्वतःच्या एका गालाकडे गेला, तिथे थांबला, मग दुसऱ्या गालाकडे गेला आणि खाली आला. मी काही सांगितलं नाही. बाबांनी स्टुलावरचं ते पांढरं डोकं उचललं, उजेडात धरलं आणि आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने निरखून बघू लागले.