पातेल्यातलं रसायन

"मानवजातीच्या प्रगतीची सुरुवात धान्य आंबवण्यापासून झाली," पद्माकरराव टिपणीस पातेल्यात पळी फिरवत म्हणाले. "माणसाने आधी धान्य आंबवलं. मग त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी जवळ बसायला हवं, म्हणून घर बांधलं."

"मग ती प्रगती जरा बाजूच्या शेगडीवर सरकवा," अरुणाबाई म्हणाल्या. "मला दूध तापवायचंय. आणि घेतलंत तेही दुधाचंच पातेलं."

प्रगती बाजूच्या शेगडीवर गेली. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शेगड्या दोनच होत्या आणि मोठं पातेलं एकच. अरुणाबाईंनी लहान पातेल्यात अर्धं अर्धं करून दूध तापवलं आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. हा न काढलेला शब्द पुढे आठवडाभर घरात वावरत होता.

पद्माकरराव राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या पुण्याच्या कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. सामान्य माणूस ज्याला हातभट्टी म्हणतो, तिथल्या हंड्यातल्या आंबवणाला सरकारी भाषेत रसायन म्हणतात. साहेब छापा घालत, शिपाई हंडा उलथत आणि पद्माकरराव पंचनामा लिहीत. त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: सदर रसायन जागीच ओतून नष्ट केले. हे वाक्य हाताला इतकं बसलं होतं, की एकदा सांबार आंबल्यावर घरातही ते याच शब्दांत बोलले होते. अरुणाबाईंनी त्यांना त्या रात्री ताक-भात वाढला.

एवढ्या नोकरीत त्यांनी दारूला तोंड लावलं नाही आणि रसायनाला नाकही. छाप्याच्या वेळी नाकाला रुमाल लावायची कचेरीची पद्धत होती. फक्त एकदा, मुळशीकडच्या एका ओढ्यात, हंड्याची मालकीण साहेबांपुढे येऊन म्हणाली होती, "सायब, वतायचं तर वता. पर आधी वास तरी घ्या. लई झ्याक जमलंय."

साहेब हसले. शिपाई हसले. पद्माकररावांनी पुढची ओळ लिहायला घेतली. बाईचं वाक्य पंचनाम्यात आलं नाही, कारण पंचनाम्यात तशी जागा नसते. पण ते डोक्यात राहिलं. तुरुंगात जायच्या वाटेवर असलेल्या बाईला आपलं काय जमलंय हे सांगावंसं वाटतं, तर ते जमणं असतं तरी कसं, असा तो प्रश्न होता. पुण्यात, खात्याचं पेन्शन घेत, त्याचा तपास करणं शक्य नव्हतं.

मुलगा हरीश सिंगापूरला आयटीत मॅनेजर, नात गार्गी तिथल्याच शाळेत. त्याच्याकडे लांबच्या मुक्कामाला आल्यावर पद्माकररावांच्या लक्षात आलं की इथे खालच्या दुकानात बाटल्या अंड्यांच्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि कुणी परवाना विचारत नाही. त्यांनी स्वतः पुण्यात पिण्याचे परवाने ढिगाने काढून दिले होते. ज्या देशात प्यायला कागद लागत नाही, तिथे करायला कशाला लागेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निष्कर्ष महाराष्ट्रातला अबकारी कारकूनच काढू शकतो. सून सुमेधा ऑफिसच्या कामासाठी जाकार्ताला गेली, तो मुहूर्त त्यांनी धरला.

लिटल इंडियातल्या टेक्का बाजारातून गहू आणले. ते भिजवून पंच्यात बांधले. इथल्या हवेत मोड फार लवकर येतात आणि त्यांच्यामागून बुरशीही येते, म्हणून मोड आलेले गहू अरुणाबाईंच्या सुती साडीवर पसरून दिवसभर टेबलफॅनसमोर वाळवले. अरुणाबाई पंख्याशिवाय बसल्या. मग त्या गव्हाचं मिक्सरवर जाडंभरडं पीठ केलं आणि रवा शिजवून दाट खळ केली. खळ बोटाला सोसेल इतकी निवल्यावर त्यात ते पीठ घातलं, झाकून ठेवलं, आणि थोड्या वेळाने झाकण काढून त्यांनी घराला हाक मारली.

"अगं, ये लवकर. मघाशी यात चमचा उभा राहत होता. आता बघ, पाणी झालंय. आणि गोड लागतंय. साखरेचा कण घातलेला नाही."

"सत्त्वाच्या पिठाचं असंच होतं," अरुणाबाई म्हणाल्या. "गार्गीला लहानपणी तेच तर भरवायचे."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तेव्हा कचेरीत असायचात."

निवलेल्या त्या गोड पाण्यात यीस्ट पडलं आणि पातेलं तांदळाच्या डब्यामागे गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यातून आवाज यायला लागला, शेजारच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात कुचाळक्या कराव्यात तसा. पद्माकरराव स्टूल घेऊन शेजारी बसत. सिंगापुरात आल्यापासून त्यांच्यासाठी थांबलेली अशी ही पहिलीच गोष्ट होती. बाकी सगळं त्यांच्याशिवाय व्यवस्थित चाललेलं होतं.

शनिवारी दुपारी हरीश पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि ओट्याजवळ थबकला.

"बाबा, ही नळी कसली?"

"तांब्याची."

"ते दिसतंय. कुकरला का लावलीय?"

"व्होडकासाठी."

हरीश स्टुलावर बसला. "व्होडका."

"धान्याची. अजून केलेली नाही. रसायन उद्यापर्यंत तयार होईल."

"तुम्ही पिता?"

"छे."

"मग कोण पिणार?"

"ते ठरवलेलं नाही."

हरीशने आवाज चढवला नाही. तो आवाज चढवत नसे, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त ऐकावं लागे. "बाबा, माझा इथला नोकरीचा पास रिन्यूअलला गेलाय. या महिन्यात निकाल येईल. त्यात काही लफडं निघालं तर पास गेला. फ्लॅट गेला, गार्गीची शाळा गेली. तिची परीक्षा आहे या वर्षी. आपण सगळे बॅगा भरून विमानतळावर."

 या बाजूने पद्माकररावांनी विचारच केला नव्हता. दारात उभ्या असलेल्या गार्गीने तोवर फोनवर इथला कायदा शोधून काढला होता आणि तो तिने शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितला.

"आजोबा, बियर कॅन. वाइन ऑल्सो कॅन. बट डिस्टिल, कॅनॉट लाह. लायसन्स मस्ट हॅव."

हरीशने फोन घेतला, स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं. त्याचे खांदे खाली आले. "म्हणजे अजून काही झालेलं नाही. हे नुसतं आंबवलेलं आहे. नळी टाकून द्या. ही आपण बियर समजू."

"समजू कसं?"

"म्हणजे, कोण बघतंय?"

"हेतू व्होडकाचा होता," पद्माकरराव म्हणाले. "रसायन सापडलं. शेजारी साधन सापडलं. आरोपीने कबूलही केलं. याला बियर म्हणणारे मी खूप पाहिलेत. कुणी गुरांचं खाद्य म्हणायचे."

"बाबा, इथे केस वगैरे काही नाहीये."

"आहे. मी करतोय." ते उठून उभे राहिले. "उद्या कुणी विचारलं, तर तुला याला बियर म्हणावं लागू नये."

हरीशने गार्गीचा फोन तिला परत दिला.

पद्माकररावांनी शर्टाची वरची गुंडी लावली. पंच म्हणून अरुणाबाई आणि गार्गी यांना बोलावण्यात आलं. नात्यातले पंच चालत नाहीत, पण परदेशात अडचण समजून घ्यावी लागते. गार्गीने विचारलं की पंच म्हणजे काय करायचं असतं. "नुसतं बघायचं," आजोबा म्हणाले, "आणि नंतर नाही म्हणायचं नाही."

"सिंकमध्ये चोथा नको," पंच अरुणाबाई म्हणाल्या. "तुंबेल. आधी गाळा. चोथा मी थालीपिठात घालते."

चोथा गाळून घेतला. ओतायचं काम शिपायाचं, म्हणून पातेलं हरीशच्या हातात आलं. त्याने ते सिंकवर धरलं.

"थांब," पद्माकरराव म्हणाले.  "ओतायचं तर ओत. पण आधी वास तरी घे."

हरीशने वडिलांकडे पाहिलं. मग मान खाली घालून वास घेतला.

"पावाच्या भट्टीसमोरून जाताना येतो तसा येतोय. आणि पिकल्या केळ्याचा."

"जमलंय का?"

"मला त्यातलं काय कळतंय, बाबा?"

पद्माकररावांनी मान हलवली. तेही खरंच होतं. पण हरीशने पातेलं कलतं केलं नाही. त्याने पुन्हा मान खाली घातली, या वेळी बराच वेळ.

"जमलंय," तो म्हणाला. "चांगलंच जमलंय."

पद्माकररावांचा हात सवयीने खिशातल्या रुमालाकडे गेला. रुमाल अर्धा बाहेर आला आणि परत आत गेला. हरीशने पातेलं कलतं केलं. पिवळसर, फेसाळ पाणी सिंकमधून गोल फिरत खाली उतरलं. स्वयंपाकघरभर तो वास पसरला. पद्माकरराव ताठ उभे होते. लिहायला हातात काही नव्हतं, म्हणून ते सावकाश, एकेक शब्द सोडत म्हणाले:

"सदर रसायन जागीच ओतून नष्ट केले. सदरहू कुकर, नळी व पातेले जप्त."

"जप्त मग करा," अरुणाबाई म्हणाल्या. "आधी तेवढं पातेलं घासून द्या. मला दूध तापवायचंय."